२२ नोव्हेंबर २००७ नंतरचं खनिज

[आकाशातून डिचोली, गोवा : लाल पायऱ्यांचा खड्डा, तळाशी पाणी]

इथे डोंगर होता. लोहखनिज काढत काढत खाण भूजलाच्याही खाली गेली. तळातलं पाणी पंपाने उपसल्याशिवाय पुढे खोदता येत नाही आणि ते उपसलं की शेजारच्या गावातल्या विहिरी आटतात. शिरगावने ते सोसलं आहे.

[पिसुर्ले, सत्तरी : शेतातला लाल थर]

हा लाल थर म्हणजे डंपांवरून, खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरून, पावसाबरोबर उतरलेला गाळ. याच्याखाली भातशेती आहे.

[कपाट, फायली, जुने नकाशे]

आता हे कागद जरा नीट पाहा. पोर्तुगीज राजवटीने खाणींच्या सवलती (खनिज काढण्याचे हक्क) दिल्या होत्या. संसदेच्या १९८७ च्या कायद्याने त्यांचे पट्टे झाले, म्हणजे ठरावीक मुदतीचे भाडेकरार. पहिलं नूतनीकरण वीस वर्षांचं, म्हणजे २२ नोव्हेंबर २००७ पर्यंत. त्या तारखेनंतरही ट्रक धावत राहिले. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं.

[ॲड. नॉर्मा आल्वारिस, फायलींसमोर]

ॲडव्होकेट नॉर्मा आल्वारिस. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेचे खटले त्या सुरुवातीपासून लढवत आल्या आहेत. गावचा माणूस सांगतो, विहीर आटली, शेत बुजलं. कोर्ट विचारतं : सर्व्हे नंबर कोणता? पट्ट्याची मुदत कधीपर्यंत? अभयारण्य किती अंतरावर? गावाचं दुखणं या प्रश्नांच्या उत्तरांत बसवणं, हे वकिलाचं खरं काम. ते कोर्टात उभं राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि ते कुणाला दिसत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला. त्याच वर्षी गोवा फाउंडेशनची याचिका, क्रमांक ४३५, सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने त्या तारखेवर शिक्का मारला : २२ नोव्हेंबर २००७ नंतर जे खोदलं, ते बेकायदा. शिवाय खनिजाच्या विक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज हा वारसा आहे, हे गोव्यातले लोक मांडत होते. निकालात त्याला जागा मिळाली.

[मांडवी नदी, खनिज वाहून नेणारे बार्ज, रिकामे]

राज्य सरकारने तरीही ८८ पट्ट्यांचं दुसऱ्यांदा नूतनीकरण केलं. गोवा फाउंडेशन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ च्या ८८ रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. ट्रक आणि बार्जवर पोट असलेल्या घरांचीही कमाई तेव्हा थांबली.

[जनसुनावणी, माईकसमोर गावकरी]

२०२२ पासून खाणींचे लिलाव होऊ लागले. आता नव्या ब्लॉकना पर्यावरण परवाना नव्याने घ्यावा लागतो आणि त्यासाठी जनसुनावणी होते. माईकसमोर आलेल्या गावकऱ्यांच्या हातात खाणीचा पर्यावरण अहवाल आहे, त्यात पेन्सिलच्या खुणा आहेत.