परीक्षा काढून टाकली, मग गुणवत्ता गेली का? टीजे हायस्कूलची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेबद्दल. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतलं थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे सगळ्यांचं टीजे. १९८५ साली सुरू झालं. सरकारी असूनही देशातल्या अव्वल शाळांमध्ये नाव. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या भारतीय घरांत, त्यात आपली मराठी घरंही आली, मूल सहावी-सातवीत गेलं की टीजेचा विषय निघतोच.

२०२० पर्यंत तिथे प्रवेश परीक्षा होती. अर्जाची फी १०० डॉलर. तयारीसाठी खासगी क्लासेस. आता त्या वर्षी प्रवेश मिळालेली मुलं बघा. (स्क्रीनवर आकडे) आशियाई वंशाची ७३ टक्के, कृष्णवर्णीय १ टक्का. आणि गरीब घरातली? १ टक्काही नाहीत.

२०२० च्या अखेरीस स्कूल बोर्डाने परीक्षाही काढून टाकली आणि फीसुद्धा. जागा ५५० केल्या. प्रत्येक मिडल स्कूलच्या, म्हणजे हायस्कूलच्या आधीच्या शाळेच्या, आठवीतल्या दीड टक्का मुलांना जागा राखून ठेवल्या. म्हणजे आठवीत ४०० मुलं असतील तर त्या शाळेच्या वाट्याला ६ जागा. त्यासाठी किमान ३.५ जीपीए, म्हणजे शाळेतल्या ग्रेडची सरासरी, हवाच, निबंध लिहायचेच. घरची परिस्थिती, मूल अजून इंग्रजी शिकतंय का, हेही बघायचं. तपासणाऱ्यांसमोर मात्र ना मुलाचं नाव, ना वंश. फक्त एक क्रमांक.

पहिल्याच वर्षी आशियाई मुलं ५४ टक्क्यांवर आली. पालक चिडले, आणि त्यांचा राग मला समजतो. वर्षानुवर्षं मुलांनी रात्री जागून तयारी केली आणि ऐन वेळी नियमच बदलले. नवे नियम आशियाई मुलांवर अन्याय करतात, असं म्हणत त्यांनी २०२१ मध्ये कोर्टात धाव घेतली. २०२२ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, २०२३ मध्ये अपिलात दोन विरुद्ध एक असे हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

पण या सगळ्या गदारोळात एक आकडा मागे पडला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. आशियाई वंशाची, पण गरीब घरातली मुलं. २०२० मध्ये अशा किती मुलांना प्रवेश मिळाला होता? एका. २०२१ मध्ये? ५१. ही मुलं त्याच काउंटीत होती, तितकीच हुशार होती. क्लासचे पैसे भरणं त्यांच्या आईवडिलांना जमणारं नव्हतं, एवढाच फरक. म्हणजे जुनी परीक्षा हुशारीबरोबर घरातला पैसाही मोजत होती.

तरीही परीक्षा पूर्ण काढून टाकणं मला पटलेलं नाही. चांगला निबंध कसा लिहायचा, हेही पैसे देऊन शिकवणारे भेटतातच. आपल्या नवोदय विद्यालयांचं बघा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, पण निवड चाचणी सगळ्यांनाच द्यावी लागते. अर्जाला फी नाही. राखीव जागा आणि परीक्षा दोन्ही एकत्र नांदतात. टीजेलाही हे जमेल. प्रत्येक मिडल स्कूलमध्ये, शाळेच्याच वेळेत, सगळ्यांसाठी मोफत चाचणी घ्या. शाळानिहाय जागाही तशाच ठेवा.

आणि अजून एक गोष्ट, जिच्यावर कोर्टात जवळपास वादच झाला नाही. टीजेला अर्ज करायचा तर आठवीपर्यंत अल्जेब्रा-१, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, घेतलेला असावा लागतो. आठवीत अल्जेब्रा घ्यायचं तर गणिताची वरची तुकडी त्याआधीच मिळायला हवी. म्हणजे मूल अर्ज भरायच्या कितीतरी आधी, त्याच्या शाळेतच अर्धा निकाल लागलेला असतो. फेअरफॅक्समधल्या पालकांनो, बोर्डाच्या पुढच्या मीटिंगला जाल तेव्हा हे विचारा: आमच्या शाळेत सातवीत किती मुलं अल्जेब्राच्या वाटेवर आहेत, आणि शेजारच्या शाळेत किती?