डब्यातली मैत्री

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत मैत्री जुळायला फार मोठे कारण लागत नाही. बोरिवलीहून सुटणाऱ्या चर्चगेट फास्टच्या एकाच डब्यात काही महिने रोज भेटणारी माणसे हळूहळू एकमेकांची भाजी चाखू लागतात, दसऱ्याला मिळून गाडीला तोरण बांधतात आणि घरात न बोललेल्या गोष्टीही एकमेकांना सांगतात. माझ्या परिचयातल्या एका बाईंची अशीच पंधरा वर्षांची मैत्रीण होती. सासूबाईंच्या आजारपणात ती त्यांच्यासोबत हॉस्पिटलात रात्रभर बसली. तीच रोज सगळ्यांदेखत त्यांच्या साडीवरून, मुलाच्या मार्कांवरून त्यांची खिल्ली उडवी आणि त्या दुखावल्या की, ‘तुला गंमतच कळत नाही,’ असे म्हणून मोकळी होई. पुढे पुढे अंधेरी आली की बाईंच्या पोटात गोळा येऊ लागला, कारण मैत्रीण तिथे चढत असे.

अशी सरमिसळ असलेली मैत्रीच शरीराला अधिक महागात पडते. अमेरिकेत ज्युलिअन होल्ट-लन्स्टॅड, बर्ट उचिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोक रोजच्या व्यवहारात असतानाच त्यांचा रक्तदाब यंत्राने मोजत राहिले. ज्यांच्याविषयी आपुलकीही वाटते आणि ज्यांचा त्रासही होतो, अशांच्या सहवासात वरचा रक्तदाब सर्वांत जास्त आढळला. अगदी नकोशा वाटणाऱ्या माणसांच्या सहवासापेक्षाही जास्त. मला याचे नवल वाटत नाही. नावडत्या माणसाकडून आपली काही अपेक्षा नसते. इथे मात्र आज माया मिळेल की टोमणा, याचा अंदाज घेण्यातच जीव दमतो.

मग सोडायचे केव्हा? एखाद्या भांडणावरून नक्कीच नाही. नोकरी गेलेला किंवा घरच्या आजारपणाने पिचलेला मित्र काही काळ वाकडे बोलतो, आणि तेवढे सोसण्याची मैत्रीत तयारी हवी. परंतु त्रास नेहमीचाच झाला असेल, तर एकदा एकांतात, डब्यातल्या गर्दीत नव्हे, नेमकी एकच गोष्ट सांगून पाहावी. समोरची व्यक्ती ओशाळली आणि सवयीने पुन्हा चुकली, तरी थोडी वाट पाहता येते. आपण सांगितलेलेच दुसऱ्या दिवशी चारचौघांत चेष्टेचा विषय झाले, तर मात्र उत्तर मिळालेले असते. या काळात झोप उडाली, जेवण जाईनासे झाले, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

त्या बाईंच्या बाबतीत दुसरेच घडले, म्हणजे चेष्टा झाली. त्यांनी भांडण केले नाही. त्या मागची गाडी पकडू लागल्या. दसऱ्याला जुन्या डब्यात पेढे द्यायला मात्र गेल्या. मैत्रिणीने पेढा घेतला आणि साडीवरून काहीतरी बोललीच. त्या वेळी आपल्याला चक्क हसू आले, असे बाई मला म्हणाल्या.