ओळखा, कोणता मेंदू कुणाचा

पडद्यावर दोन मेंदूंचे एमआरआय आहेत. यातला एक माणूस कित्येक वर्षं नैराश्याशी झगडतोय. दुसऱ्याला तो त्रास कधीच झालेला नाही. कोणता कुणाचा, ओळखा.

नाही ना जमलं? रोज असे स्कॅन पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टलाही जमणार नाही. मग ‘डिप्रेशनने मेंदू आकसतो’ असं जे म्हटलं जातं, ते आलं कुठून?

त्यासाठी कानांच्या मागून आत, खोलवर जाऊ. दोन्ही बाजूंना एकेक वळलेला भाग दिसतो, हिप्पोकॅम्पस. नाव ऐकून पाणघोडा डोळ्यांपुढे आणू नका. हा समुद्रघोडा आहे, ग्रीक नावाचा अर्थही तोच. नव्या आठवणी घडतात त्या याच्या मदतीने. त्याचं दुसरं काम फारसं कुणाला ठाऊक नसतं. ताणामुळे रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढलं, की ‘आता पुरे’ असा निरोप धाडणाऱ्यांपैकी हा एक.

पण ताण हटलाच नाही तर? प्रयोगशाळेत उंदरांना तीन आठवडे रोज ताण दिला, तेव्हा इथल्या चेतापेशींच्या फांद्या आखूड झाल्या. पेशी मेल्या नव्हत्या. ताण थांबल्यावर फांद्या पुन्हा वाढल्या.

माणसांकडे येऊ. १९९६ साली अमेरिकेत यवेट शेलाइन यांच्या गटाने १० जणांचे हिप्पोकॅम्पस मोजले. या सगळ्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलं होतं. मोजणीच्या वेळी ते त्यातून बाहेर आलेले होते. तरीही नैराश्य कधीच न आलेल्यांपेक्षा त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान भरला. मन सावरलं होतं, माप मात्र मागेच होतं.

पुढे एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसांचे स्कॅन एकत्र आले. सरासरी फरक निघाला जेमतेम सव्वा टक्का. तोही नैराश्य वारंवार आलेल्यांत. पहिल्याच खेपेच्या रुग्णांत तो आढळला नाही. माणसामाणसांतला नैसर्गिक फरक याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय आजाराने भाग लहान झाला, की लहान असल्याने आजाराला वाट मिळाली, हा वाद मिटलेला नाही.

आणि हे माप वाढूही शकतं. २०११ च्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चाललेल्या वयस्कर माणसांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला. त्यांना नैराश्य नव्हतं, हे खरं. पण तीव्र नैराश्यात दिल्या जाणाऱ्या विद्युत उपचारांनंतरही वाढ दिसलेली आहे.

पुन्हा ते दोन स्कॅन. निदान करताना डॉक्टर ते बाजूला ठेवतात आणि समोरच्याला विचारतात: झोप लागते का? आवडीच्या गोष्टीत मन रमतं का? किती दिवस झाले?