गोव्याच्या खासदाराचा आठवडा

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी गोव्याच्या वाट्याला दोनच येतात. राज्यसभेतला एक सदस्य धरला, तर संसदेत गोव्याच्या वतीने बोलणारी माणसे होतात तीन. मुक्तीनंतर १९६३ साली गोमंतकीयांनी पहिल्यांदा मतदान करून आपले प्रतिनिधी लोकसभेत पाठवले, तेव्हा मतदारसंघांची नावे पणजी आणि मुरगाव अशी होती. आज ती उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा अशी आहेत आणि विधानसभेचे ४० मतदारसंघ दोघांत २०-२० असे वाटले गेले आहेत. फोंडा तालुक्यातला प्रियोळ उत्तरेत आणि त्याच तालुक्यातले फोंडा, मडकई, शिरोडा हे मतदारसंघ दक्षिणेत मोडत असल्यामुळे, आपला खासदार नेमका कोणता, हे तिथल्या मतदाराला कधीकधी आठवून सांगावे लागते.

एवढ्याशा राज्यात आमदार हाकेच्या अंतरावर असतो आणि पंच, म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य, तर शेजारीच राहतो. त्यामुळे खासदाराकडेही लोक त्याच अपेक्षेने जातात आणि वाडीचा रस्ता, नळाचे पाणी, बंद पडलेला पथदीप अशी कामे त्याच्यापुढे मांडतात. यात लोकांची चूक नाही. परंतु खासदाराचे खरे काम वेगळे आहे, आणि ते फारसे दिसत नसल्यामुळे त्याचा हिशेबही कोणी मागत नाही. मतदारसंघातली तक्रार ऐकून तिच्यातला केंद्र सरकारच्या अखत्यारीतला भाग वेगळा काढणे, तो नियमात बसेल अशा प्रश्नात मांडणे आणि मिळालेल्या लेखी उत्तराचा पिच्छा पुरवणे, हे ते काम.

अधिवेशन चालू असले की सोमवार ते शुक्रवार सकाळी ११ वाजता सभागृहाचे कामकाज सुरू होते. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीवर घेतले जातात. त्यांची उत्तरे मंत्र्यांनी उभे राहून द्यायची असतात आणि मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला त्यावर दोन उपप्रश्न विचारता येतात. प्रत्यक्षात तासाभरात वीसही प्रश्न पुकारले जात नाहीत. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. त्याशिवाय २३० अतारांकित प्रश्नांची उत्तरे फक्त लेखी मिळतात. तारांकित प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर आणि अतारांकितांची पांढऱ्या कागदावर छापण्याची लोकसभेची परंपरा आहे. गोव्यातल्या माणसाने पांढरा कागद कमी प्रतीचा समजू नये. आकडे, तारखा आणि मंजुऱ्या यांचा तपशील बहुतेक वेळा त्याच उत्तरांत सापडतो.

या यादीत जागा मिळवणे सोपे नाही. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो, त्यामुळे पर्यावरणाचा प्रश्न आणि रेल्वेचा प्रश्न आपापला वार धरूनच द्यावा लागतो. मग नावांची सोडत निघते. एका दिवसासाठी एका सदस्याच्या नावावर जास्तीत जास्त पाच प्रश्न येऊ शकतात आणि त्यांपैकी तारांकित एकच. प्रश्न दीडशे शब्दांत बसला पाहिजे, मुख्यतः राज्य सरकारच्या जबाबदारीचा विषय त्यात चालत नाही आणि न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्न स्वीकारला जात नाही.

ही शेवटची अट गोव्याला चांगलीच अडते. म्हादई नदीच्या पाणीतंट्याचे उदाहरण घेऊ. जल तंट्याच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला आणि त्यात कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरले. त्या निवाड्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये म्हादईचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मान्यता मिळाल्याचे कळले आणि सत्तरीपासून पणजीपर्यंत संताप उसळला. अशा वेळी "हा अन्याय सरकार कधी थांबवणार?" असे विचारले, तर प्रश्न लोकसभेच्या सचिवालयातच अडकण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी दिलेल्या 'प्रवाह' या म्हादई प्राधिकरणाच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, पात्राची पाहणी कोणी केली, अहवाल कोणाला सादर झाला आणि कोणकोणत्या केंद्रीय परवानग्या अजून दिलेल्या नाहीत, असे विचारले, तर मंत्रालयाला ठोस काहीतरी लिहून द्यावे लागते. दिसायला हे प्रश्न कोरडे आहेत. परंतु असे उत्तर पुढे न्यायालयात, विधानसभेत आणि ग्रामसभेतही पुरावा म्हणून दाखवता येते, आणि तावातावाने केलेल्या भाषणाला तेवढे वजन राहत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुपारी १२ नंतर शून्य प्रहर असतो. तातडीच्या विषयावर दोन-तीन मिनिटे बोलण्याची ही संधी, आणि माशेल किंवा काणकोणच्या घरात मोबाईलवर फिरणारी चित्रफीत बहुधा याच वेळेतली असते. नियम ३७७ खालचे निवेदन त्या मानाने शांत: अडीचशे शब्दांच्या आत लिहून द्यायचे आणि संबंधित मंत्रालयाकडून त्याचे लेखी उत्तर मिळवायचे. सदस्याला कोकणीत किंवा मराठीतही बोलता येते, कारण दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीत आहेत. कोकणीचा समावेश १९९२ च्या घटनादुरुस्तीने झाला.

शुक्रवारी दुपारचे अखेरचे अडीच तास खासगी सदस्यांच्या विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी राखून ठेवलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकेच कायद्यात उतरली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. तरीही एखादा विषय सरकारच्या कानावर घालण्याचा तो मार्ग आहे. मात्र शुक्रवारी संध्याकाळी घरी परतण्याची घाई असलेले बाक त्या वेळी रिकामे दिसतात.

कॅमेरा पोहोचत नाही अशी एक जागा म्हणजे स्थायी समिती. मंत्रालयांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या अशा २४ समित्या आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. तिथे सचिव दर्जाचे अधिकारी समोर बसून उत्तरे देतात, आणि बैठक बंद दाराआड असल्यामुळे वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकमेकांचे बोलणे ऐकून घेतात.

कायदा करण्याच्या कामात गोव्याशी थेट संबंध असलेला अलीकडचा प्रसंग अनुसूचित जमातींच्या राजकीय आरक्षणाचा. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या १,४९,२७५ भरली. पण विधानसभेच्या ४० जागांपैकी त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. त्यासाठीचे विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले, वर्षभर पडून राहिले आणि ५ ऑगस्ट २०२५ रोजी दुसऱ्याच विषयावरच्या गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाले. त्यानंतर काही दिवसांतच राज्यसभेनेही ते संमत केले. केपे, सांगे, काणकोणच्या डोंगरवाड्यांत वर्षानुवर्षे ज्यासाठी सभा झाल्या, मोर्चे निघाले, त्या विषयाला सभागृहात निवांत चर्चा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही याची खंत विधेयक संमत झाल्याच्या आनंदातही राहतेच.

शुक्रवारी रात्रीच्या किंवा शनिवारी सकाळच्या विमानाने खासदार दाबोळीला किंवा मोपाला उतरतो आणि आठवड्याचा दुसरा भाग सुरू होतो. शनिवारी आढावा बैठका, उद्घाटने, जात्रा, लग्ने, मयताच्या घरी भेटी. केंद्रीय योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या 'दिशा' समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे असते आणि तिची बैठक दर तिमाहीला घ्यायची असते. घरकुले, नळजोडण्या, ग्रामसडका यांच्या कामांचा जाब जिल्हाधिकाऱ्यांसमोर विचारण्याची ही हक्काची जागा असूनही ग्रामस्थांना तिची फारशी माहिती नसते.

खासदार निधीबद्दल मात्र सगळ्यांना माहिती असते, आणि गैरसमजही तिथेच अधिक. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये अशी तिची मर्यादा आहे. वीस विधानसभा मतदारसंघांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला २५ लाख येतात. पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. तो कामाची फक्त शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. समाजगृह, स्मशानभूमीची शेड, शाळेची खोली चालते, पण देवस्थानाच्या सभामंडपासाठी किंवा कपेलाच्या (ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या) दुरुस्तीसाठी हा निधी वापरता येत नाही. जात्रेच्या दिवसांत देवस्थान समितीच्या मंडळींना हे समजावून सांगणे किती कठीण जाते, ते कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना विचारावे.

रविवारी सकाळी कार्यालयात येणारी माणसे पाहिली की गोव्याचा इतिहासच समोर येतो. एकाच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली, म्हणजे तो पोर्तुगीज नागरिक धरला गेला, त्यामुळे भारतीय पासपोर्टचा पेच पडला आणि आता परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा प्रश्न आहे. मांद्र्याच्या किनाऱ्यावरचा रापणकार, म्हणजे रापणीचे जाळे ओढणारा मच्छीमार, सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) रेषेबद्दल विचारतो. जहाजावर नोकरीला असलेल्या तारवट्याची पत्नी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढते: नवऱ्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, सीडीसीचे (खलाशाच्या नोंदपुस्तिकेचे) पहिले पान, कंत्राटाची प्रत. मालकाने पगार थकवला आहे आणि जहाज परक्या बंदरात अडकून पडले आहे. स्वीय सहायक आधी जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक विचारतो, कारण जहाजाचे नाव आणि झेंडा बदलला, तरी तो क्रमांक बदलत नाही आणि वकिलातीला त्यावरूनच जहाज शोधता येते. मग नोकरीला लावणाऱ्या एजंटाचे नाव, शेवटचे बंदर, शेवटचा फोन कोणत्या तारखेला आला. तासाभरात परराष्ट्र मंत्रालयाला आणि मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाला पत्रे जातात. ही सगळी केंद्राची खाती आहेत. इथे पंच किंवा आमदार यांचे पत्र फार पुढे जात नाही.

त्याच संध्याकाळी या अर्जांतून पुढच्या प्रश्नांचे मसुदे निघायला हवेत. एका तारवट्याची सुटका पत्राने होते, पण अशा किती खलाशांच्या तक्रारी वर्षभरात नोंदल्या गेल्या आणि किती एजंटांचे परवाने रद्द झाले, हे विचारायचे तर सभागृहच हवे. मंत्री उत्तरात "विषय विचाराधीन आहे" म्हणाले, की ते आश्वासन ठरू शकते. त्याची नोंद आश्वासन समितीकडे होते आणि तीन महिन्यांत ते पूर्ण करायचे असते. ही मुदत उलटल्यावर पुन्हा विचारणारा कोणी नसेल, तर तो कागद तसाच पडून राहतो.

लोकसभेतले प्रश्न आणि उत्तरे संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतात. रविवारी कार्यालयात जाण्याआधी आपल्या विषयावरचे जुने उत्तर शोधून त्याचा प्रश्न क्रमांक आणि तारीख अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात लिहावी आणि अर्जाची पोच घ्यावी, म्हणजे खासदाराच्या कार्यालयाला पुढचा प्रश्न तिथूनच करता येतो.