शंभर नंबर

(दृश्य : बर्फात अर्धं बुडालेलं गॅरेज. दार कुरकुरत वर जातं.)

इलिनॉय राज्य. फेब्रुवारी. पारा शून्याखाली चौदा.

आत केरोसीनचा हीटर, भिंतीवर पान्यांची रांग, आणि मधोमध ताडपत्रीखाली रेडकाएवढं काहीतरी.

(ताडपत्री निघते.)

हा कब कॅडेट १००. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा, केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात बांधलेला. हे मॉडेल १९६३ ते १९६५ एवढंच निघालं. दहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, पेट्रोलवर चालणारा. शेतातला ट्रॅक्टर म्हणावा तर फारच लहान, गवत कापायचं मशीन म्हणावं तर वजन तीनशे किलोच्या वर. इकडे याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. गार्डन म्हणजे गुलाबाच्या कुंड्या नव्हेत. घरामागचं एक-दोन एकरांचं रान. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली कुटुंबं शहराबाहेर ऐसपैस जागा घेऊन राहायला गेली. तिथे उन्हाळ्यात गवत कापायचं, वसंतात भाजीपाल्यापुरती नांगरट करायची, हिवाळ्यात पुढे पातं लावून बर्फ लोटायचं. या सगळ्याला मिळून हा एक गडी.

त्याच्या मालकांना पडद्यावर आपलं नाव नको आहे. चेहऱ्याचंही त्यांना फारसं कौतुक नाही. म्हणून या फिल्ममध्ये तुम्हाला जास्त करून त्यांचे हात दिसतील. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो.

(दृश्य : बॉनेटच्या बाजूचं अर्धवट पुसलेलं नाव. त्यावरून एक सुरकुतलेलं बोट फिरतं.)

हा हात मात्र आजोबांचा नाही. हे माझे वडील, अण्णा. कराडजवळचे, ऊसवाले, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. ‘इंटरनॅशनल’ हे नाव वाचून ते थांबले. ज्या १९६३ साली हा शंभर नंबर बाजारात आला, त्याच साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि महिंद्र यांनी मिळून ट्रॅक्टरसाठी कंपनी काढली. त्यांच्या कांदिवलीच्या कारखान्यातून बाहेर पडलेला बी-२७५ आमच्या भावकीत होता. अण्णा म्हणाले, “अरे, हा तर आपल्या इंटरनॅशनलचा धाकटा भाऊ.” त्या दिवसापासून गॅरेजमध्ये बॅटरी धरायचं काम त्यांच्याकडे गेलं. फिल्ममधला अर्धा उजेड त्यांचा आहे.

(दृश्य : इंजिनावरचं पत्र्याचं आवरण सुटतं. आतून गवत, कापूस, बियांची टरफलं.)

उंदरांचं घर. कॅमेरा इथे हलला आहे, तो माझ्यामुळे.

हसण्यासारखं असलं तरी बंद पडलेल्या अशा कित्येक इंजिनांचा आजार इथूनच सुरू होतो. कोहलर कंपनीचं हे के-२४१ इंजिन हवेवर थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, पंख्याची पाती आहेत, ती हवा ओढतात आणि या आवरणाखालून सिलिंडरच्या बिडाच्या फिन्सवर, म्हणजे बाहेर काढलेल्या पातळ कडांवर, सोडतात. फिन्समध्ये असा काडीकचरा बसला की हवा अडते. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. इंजिन आतल्या आत तापत राहतं, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाकतं, पॅकिंग जातं. आजोबा आवरण काढल्याशिवाय कुठलंही जुनं इंजिन सुरू करून बघत नाहीत. विकणारा शेजारी उभा राहून ‘किल्ली मारून तर बघा’ म्हणत असला, तरीही.

(दृश्य : हेडचे बोल्ट. शेवटचा बोल्ट. रबरी हातोडीची एक हलकी टिचकी. हेड उचललं जातं.)

अण्णांच्या हातातली बॅटरी खाली-वर होते आहे बघा. ते व्हॉल्व्ह शोधताहेत. आपल्याकडच्या बहुतेक इंजिनांचे व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. इथे हेड म्हणजे नुसतं डब्याचं झाकण. दोन्ही व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी, ब्लॉकमध्येच, तोंड वर करून बसलेले. ही जुनी रचना. पेट्रोल जास्त पिते, ताकद कमी देते, हे आजोबाही मान्य करतात. पण हेड उतरलं की इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते सगळं समोर दिसतं.

आणि इथे काय दिसतंय? पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवर पांढुरकी राख, आणि सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागेल अशी उभी रेघ.

त्या रेघेचा अर्थ बोर. सिलिंडर मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. या इंजिनाला दहा, वीस आणि तीस थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजचे पिस्टन आहेत. म्हणजे एकच ब्लॉक आयुष्यात तीनदा नव्यासारखा करता येतो. साठ वर्षांत याचा एकदाही बोर झालेला नव्हता. बोर शेजारच्या गावातल्या लेथवाल्याकडे झाला. त्या दिवशी मी ऑफिसात होतो, त्यामुळे ते चित्रण नाही. ब्लॉक परत आला तो असा. (दृश्य : सिलिंडरच्या आतल्या तिरप्या, जाळीदार रेघा. अण्णांचा उजेड गोल फिरतो.)

(दृश्य : काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर. त्यावर हेड पालथं. हात आठचा आकडा काढत फिरतो.)

हे दृश्य संपादनात कमी करा, असं मला दोघांनी सांगितलं. मी केलं नाही.

हेड किंचित वाकलं होतं. त्याला मशीन लागत नाही. काच सपाट असते, हे आपल्याला फुकट मिळालेलं माप. त्यावर पेपर, पेपरवर थोडं तेल आणि मग हे. दहा मिनिटांनी उलटून बघायचं. जिथे चकाकी आली ती उंच जागा, जिथे काळं राहिलं ती खोल. पुन्हा घासायचं. चकाकी सगळीकडे सारखी पसरेपर्यंत हेच. आजोबांना पाऊण तास लागला. मधे एकदा त्यांनी न बोलता हेड अण्णांपुढे सरकवलं.

(इथे निवेदन नाही. घासण्याचा आवाज. वीस सेकंद.)

मग व्हॉल्व्ह. सीटवर ग्राइंडिंग पेस्ट लावायची, व्हॉल्व्हच्या माथ्याला रबरी कप असलेली काठी चिकटवायची आणि दोन तळव्यांत रवी घुसळतो तशी फिरवायची. अण्णांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. शेवटी फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून व्हॉल्व्हखालच्या टॅपेटची फट लावायची : इनटेकला आठ ते दहा थाउ, एक्झॉस्टला सतरा ते वीस. एक्झॉस्ट जास्त तापतो, लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त.

(दृश्य : कनेक्टिंग रॉड हातात. वरून, बाजूने, परत वरून.)

पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा हा अॅल्युमिनियमचा रॉड. याच्या मोठ्या टोकाला वेगळं बेअरिंग नाही. अॅल्युमिनियमच क्रँकवर फिरतं. आणि ऑइल पंपही नाही. खाली ही जीभ दिसते ना, ती प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते. तेवढ्यावर सगळं इंजिन. म्हणून तेलाची पातळी कमी झाली की पहिला बळी रॉडचा. तो तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. आजोबांच्या फळीवर असे दोन ब्लॉक आहेत. ते त्यांनी टाकलेले नाहीत. नवशिक्या आला की आधी ते दाखवतात, मग चहा, म्हणजे त्यांची ती पातळ कॉफी.

(दृश्य : निळा प्लास्टिकचा पिंप. पाण्यात लटकलेला पुढचा अॅक्सल. बारीक बुडबुडे. नारिंगी फेस.)

सगळ्या चित्रीकरणात मला सर्वात आवडलेली गोष्ट ही. पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा. गंजलेला भाग तारेने मधे टांगायचा आणि बॅटरी चार्जरचा निगेटिव्ह त्याला लावायचा. पॉझिटिव्हला भंगारातली साधी लोखंडी पट्टी. भाग आणि पट्टी एकमेकांना शिवता कामा नयेत. चार्जर चालू केला की पट्टी झिजत जाते आणि भागावरचा गंज सुटत जातो. चांगलं लोखंड जराही कमी होत नाही. वाळूचा मारा केला तर गंजाबरोबर धातूही जातो, इथे तसं नाही.

पथ्यं तीन. पिंप उघड्यावर ठेवायचा, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे आहेत. पट्टी स्टेनलेसची वापरायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग यात टाकायचा नाही, सोडा त्यालाच खातो.

(दृश्य : दुसरी सकाळ. अॅक्सल बाहेर येतो, काळाभोर. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत बिडावर उठलेले ओतीव अंक दिसतात.)

हे अंक आजोबांनाही आधी दिसले नव्हते.

(दृश्य : मागच्या हौसिंगचं बूच. दुधाळ तेलाची धार.)

गिअरचं तेल. रंग बघा, दूध घातलेल्या चहाचा. आत पाणी गेलं आहे, वर्षानुवर्षांचं. तरी गिअर सुखरूप, कारण ही पेटी कंपनीच्या मोठ्या भावाकडून, फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरकडून, आलेली. तीन पुढे, एक मागे. इंजिनापासून इथपर्यंत पट्टा नाही, सरळ लोखंडी शाफ्ट. पहिल्या कब कॅडेटला पट्टा होता. तो ७० आणि १०० या मॉडेलांपासून गेला.

आणि हे बूच. आज दुकानात मिळणाऱ्या गवत कापायच्या कितीतरी मशिनांच्या गिअरपेटीला तेल काढायला बूचच नसतं. पेटी सीलबंद येते. बिघडली की पेटीच बदला, आणि पेटीची किंमत ऐकली की मशीनच बदला. या बुचावर कॅमेरा बराच वेळ थांबला आहे. तो मुद्दाम थांबवला.

(दृश्य : तारा. काळा दंडगोल. एका तारेने दोन टोकांना क्षणभर स्पर्श, बारीक ठिणगी.)

हा डेल्को-रेमीचा डबा सेल्फही आहे आणि डायनॅमोही. किल्ली फिरवली की हाच पट्ट्याने इंजिन फिरवतो, इंजिन सुरू झालं की तेच याला फिरवतं आणि हा बॅटरी चार्ज करतो. वायरिंग काढून परत जोडलं की त्याला चुंबकाची दिशा आठवण करून द्यावी लागते, त्यासाठी ती ठिणगी. ती विसरली तर चार्जिंग उलटं व्हायचं किंवा व्हायचंच नाही.

पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे विजेचे संपर्क, बाहेरच्या छोट्या डबीत, कॅमवरून येणाऱ्या एका काडीने उघडझाप करणारे. गॅप वीस थाउ. राजदूत, जावा चालवलेल्या माणसाला यात नवं काही नाही. अण्णांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि पॉइंटमधून ओढून पुसली. आजोबांनी नोट हातात घेऊन गांधीजींकडे बराच वेळ बघितलं.

रंगाचं चित्रण थोडक्यात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना मास्क. अंगाला पिवळा, पत्र्याला आणि चाकांना पांढरा. इथे लोक रंगाच्या नेमक्या छटेवरून भांडतात, ते भांडण आम्ही चित्रित केलेलं नाही.

(दृश्य : एप्रिल. अंगण. चोक ओढला जातो. किल्ली.)

(निवेदन नाही. पट्ट्याची शीळ. एक धक्का. दुसरा. निळा धूर. मग धडधड.)

पिस्टनच्या नव्या रिंगा बसेपर्यंत निळा धूर येणारच.

(दृश्य : घरामागची काळी माती. मागे एकफाळी नांगर. उजवं चाक तासात, नांगराने काढलेल्या चरात, उतरतं, ट्रॅक्टर कलतो.)

वसंतात या भागात जुने गार्डन ट्रॅक्टरवाले एकत्र येऊन नांगरट करतात. वीस-पंचवीस जण, प्रत्येकाचा फाळ हातभर रुंदीचाही नाही. स्पर्धा नसते, पण तास सरळ आलं की नाही हे सगळे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. ट्रॅक्टर असा कललेला असताना ती तेल उडवणारी जीभ कोरडी पडू नये, म्हणून आज तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं आहे. नांगर उचलायला हायड्रॉलिक नाही, हा लांब दांडा. सीटखाली सुरक्षेचा स्विचही नाही : माणूस खाली पडला तरी हा चालतच राहतो. या जुन्या ट्रॅक्टरांनी माणसं जखमी केली आहेत.

शेवटचं तास अण्णांनी मारलं.

(निवेदन नाही. चाळीस सेकंद. अण्णा मागे वळून तासाकडे बघतात.)

इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेटचा धंदा १९८१ मध्ये विकला. नाव अजून बाजारात आहे.

ऑगस्टमध्ये आजोबांनी घर विकायला काढलं. गुडघे. सप्टेंबरात गॅरेजचा लिलाव झाला, शंभर नंबर ओहायोच्या एका माणसाने नेला. अण्णा तेव्हा कराडला पोचले होते.

(दृश्य : रिकाम्या फळीवर कॉफीचा पत्र्याचा डबा. आत जुने पॉइंट, जुन्या रिंगा, कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘१००’.)

हा डबा लिलावात नव्हता. तो आमच्याकडे आहे.