एकच वरंबा

नमस्कार मंडळी. मन आजारी पडलं की घरचे म्हणतात, "जरा फिरून ये की." पण ज्याला उठून तोंड धुवायचंही जड जातंय, त्याला बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चार फेऱ्या मार म्हणून कसं चालेल? व्यवसायोपचारात, म्हणजे रोजच्या कामातून करायच्या उपचारात (ऑक्युपेशनल थेरपी), माणसाला झेपेल एवढंच काम देतात, आणि तेही त्याच्या हाताच्या ओळखीचं.

आमचे थोरले चुलते आण्णा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचे. निवृत्त झाले आणि चार महिन्यांत खोलीतच बसले. दाढी नाही, धड जेवण नाही, बोलणं तर नाहीच. डॉक्टरांनी नैराश्याचं औषध सुरू केलं आणि व्यवसायोपचाराच्या बाईंकडे धाडलं. बाईंनी विचारलं, "आण्णा, साच्याच्या वाळूचा ओलावा कसा बघता?" आण्णांनी न बोलता मूठ आवळून दाखवली. "मग रोज सकाळी शेतातल्या एका वरंब्याची माती तशीच बघायची. एकच वरंबा, दहा मिनिटं."

पहिले आठ दिवस काकींनी हाताला धरून नेलं. बांधावर बसायचे, परत यायचे. बाईंनी तेवढंही वहीत 'काम झालं' म्हणून लिहायला लावलं. पुढं पाऊस लागला, रताळ्याचे वेल लावायची घाई. मी कुदळ घेऊन उतरलो, तर मागून आवाज, "थांब की रे! ओली हाय अजून." मुठीत माती दाबून त्यांनी गोळा माझ्यासमोर धरला, बोटानं टोचला. फुटला नाही. "उद्या बघू." कितीतरी महिन्यांनी आण्णांनी घरात कुणाला तरी हुकूम सोडला होता. काकी बांधावर बसून रडल्या.

शेत नसेल तर अंगण चालतं. पण अंगणं राहिलीत कुठं? येळ्ळूरपासून उचगावपर्यंत घरोघर सिमेंटचे ब्लॉक बसवलेत, तुळशीलासुद्धा कुंडीत कोंबलंय. मला हे बघवत नाही.

सकाळच्या उजेडानं झोपेचं घड्याळ जागेवर येतं, अंग हललं की मनही थोडं हलतं. पण आण्णांनी गोळी सोडली नाही. पुन्हा सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही. काम छोटं ठेवा, वेळ ठरलेली ठेवा, आणि पहिले काही दिवस कुणीतरी सोबत जा.

बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, दिवसरात्र, फुकट. नंबर 14416. लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा.

यंदा आण्णांकडं तीन वरंबे आहेत. तिसरा त्यांनी स्वतः मागून घेतलाय. नमस्कार.