शून्य-शून्य : यिन श्याओयेनच्या कारकिर्दीविषयी थोडं, पंचांविषयी बरंच

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष मॅडम, मंडळाचे पदाधिकारी, आणि पंखा नसलेल्या बाजूलाही चिकाटीने बसून राहिलेल्या श्रोतेहो,

बाहेर फलकावर 'यिन श्याओयेन : एका चिनी कराटेपटूची कारकीर्द' असं लिहिलंय. येताना एक गृहस्थ दुसऱ्यांना विचारत होते, "ही कोण बाई?" दुसरे म्हणाले, "असेल कुणीतरी, चहा आहे शेवटी." चहा आहे. बाईंबद्दल सांगतो.

यिन श्याओयेन ही चीनची ६१ किलो वजनगटातली कुमितेची खेळाडू. कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत. काता वेगळं, त्यात समोर कुणी नसतं. हे तुम्हाला माहीत आहे, कारण निम्म्या लोकांची मुलं माझ्याकडे पिवळ्या पट्ट्यापर्यंत येऊन दहावीच्या क्लासला पळालेली आहेत. यिनने २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत ती अंतिम फेरीत हरली. २०२१ साली टोकियोत, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, ती त्याच बाईकडून पुन्हा हरली. सर्बियाची योवाना प्रेकोविच. आणि टोकियोतल्या त्या लढतीचा गुणफलक होता शून्य-शून्य.

या शून्य-शून्यावर बोलायला मी गेली काही वर्षं माणसं शोधतोय. घरात ऐकणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून मंडळाचे आभार.

तीन मिनिटांची लढत. गुण सोपे असतात. हाताचा ठोसा नीट बसला की एक, धडावर लाथ बसली की दोन, डोक्याशी लाथ नेली की तीन. नेली म्हणतोय, कारण जोरात मारायची नाही, ताबा दाखवायचा. बरोबरी झाली तर ज्याने आधी निर्विवाद गुण घेतला तो जिंकतो, त्याला सेन्शू म्हणतात. पण कुणीच काही घेतलं नसेल तर? मग हांतेई. पंच कौल देतात, लाल की निळा. संपलं.

आता इथे मला आमच्याकडचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अध्यक्ष मॅडम घड्याळ बघतायत, पण तो सांगतोच.

एका तालुक्याच्या गावी शालेय स्पर्धा होत्या. बॅडमिंटनचा हॉल, पाऊस, छत गळतंय, आणि जिथे गळतंय तिथला मॅटचा तुकडा काढून बादली ठेवलेली. चौदा वर्षांखालच्या मुली. एक लाल पट्टा, एक निळा. दोघी तयारीच्या. 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', म्हटलं आणि दोघी उड्या मारत एकमेकींकडे बघत राहिल्या. एक पाऊल पुढे, एक मागे. लाल पट्टेवाली दोन-तीनदा आत घुसली, ठोसा फेकला, पण निळीने अंग काढून घेतलं. निळीने उलट ठोसा मारला, तोही हवेत. वेळ संपली. फलक कोरा. आमचे एक पंच तेवढ्यात वडापाव आणायला जायच्या तयारीत होते, त्यांना बसवून ठेवावं लागलं. शिट्टी वाजली, झेंडे वर गेले. तीन लाल, दोन निळे. त्या तीनातला एक झेंडा माझा.

निळ्या मुलीचे वडील एसटीत कंडक्टर. ते थेट मॅटवर आले, बूट घालून. मी म्हटलं, "दादा, आधी बूट." त्यांनी बूट काढले, हातात घेतले, आणि म्हणाले, "सर, मी रोज तिकिटाचे पैसे मोजून जमा करतो. आकडा कमी भरला तर माझ्या खिशातून जातो. तुमचा आकडा कुठंय? कागद दाखवा."

मी निकष सांगितले. जिद्द कुणाची जास्त दिसली, डावपेच आणि तंत्र कुणाचं सरस, चढाईची सुरुवात जास्त वेळा कुणी केली. ते म्हणाले, "चढाई केली, पण लागली का? नाही लागली. मग न लागलेल्या चढाईचे मार्क देता होय?"

उत्तर सोपं नाही हो याचं. मी आपलं "असंच असतं" म्हटलं. पंच झाल्यावर हे वाक्य फार उपयोगी पडतं. पण तेवढ्यात ती पोरगीच म्हणाली, "पप्पा, चला ना. ती पुढे येत होती, मी थांबले होते."

"मग थांबलीस कशाला?"

"पुढं गेलं की ती मारते."

मंडळी, कराटेवरची जाडजूड पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. या एका वाक्यात त्यातलं निम्मं येतं. पुढं गेलं की ती मारते. जो हल्ला करतो तो हल्ल्याच्या क्षणी उघडा पडतो. समोरचा तयारीचा असेल तर तुमचा ठोसा पोचायच्या आत त्याचा उलट ठोसा तुमच्या छातीवर असतो. म्हणून दोघंही थांबतात, आणि जितके दोघं चांगले तितके जास्त थांबतात. बघणाऱ्याला वाटतं, काय चाललंय, उड्या काय मारतायत नुसत्या.

ते कंडक्टर माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. गाडीत बसताना म्हणाले, "पण आकडा पाहिजे होता सर." मी अजून त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतो, आणि अजून माझाच झेंडा बरोबर होता असं म्हणतो.

बरं. टोकियो.

६ ऑगस्ट २०२१. त्या दिवशी सकाळी आपल्या हॉकीच्या मुली कांस्यपदकासाठी ब्रिटनशी ४-३ ने हरल्या होत्या, त्यामुळे आपला देश हळहळण्यात दंग होता, कराटे बघायला कुणाला सवड? निप्पोन बुडोकानमध्ये त्या दिवशी कुमितेचे दोन अंतिम सामने झाले. पुरुषांच्या ७५ किलोत इटलीच्या लुइजी बुसाने अझरबैजानच्या रफाएल अगायेवला हरवलं, गुण १-० असे. आणि मुलींच्या ६१ किलोत ०-०. म्हणजे त्या दिवशी ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं मिळून एकूण एक गुण. एक! आमच्या शालेय स्पर्धेत बादलीच्या शेजारीसुद्धा याहून जास्त गुण पडतात.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, उलट टोक. आपण सगळे नीरज चोप्राचा भाला बघत होतो. बघायलाच हवा होता, माझी तक्रार नाही. पण त्याच संध्याकाळी पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटात सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेपाशी इतकी कडक बसली की तो आडवा झाला, स्ट्रेचरवरून बाहेर गेला. नियम सांगतो, ताबा सोडून मारलं की बाद. हमेदी बाद. स्ट्रेचरवर गेलेल्याला शुद्धीवर आल्यावर कळलं की आपण ऑलिंपिक विजेते आहोत! हे मी कुठेही सांगितलं की लोक हसतात. हसा. पण पुढे हे लक्षात ठेवा : ज्याने मारलं तो हरला, आणि आदल्या दिवशी कुणीच मारलं नाही तरी एक जण हरला. दोन्हीकडे निकाल लावला तो नियमांनी.

आणि गंमत बघा, ही विद्या ओकिनावाची म्हणतात. जपानला त्या ऑलिंपिकमध्ये कराटेत सुवर्ण मिळालं ते एकच, कातामध्ये, रियो कियुनाला, आणि तो ओकिनावाचाच. पण ओकिनावाचे कान्र्यो हिगाओन्ना शिकायला गेले होते चीनच्या फुजियान प्रांतात, फूचौला. त्यांचे शिष्य चोजून मियागी, त्यांची गोजू-र्यू ही कराटेची शैली, जी आपल्याकडे गल्लोगल्ली शिकवतात, माझ्याकडेही शिकवतात. म्हणजे यिन टोकियोत खेळली तेव्हा... नाही, हे लांबेल. हे एक वेगळं व्याख्यान आहे. मंडळाने पुढच्या वर्षी बोलवावं.

चिठ्ठी आली. "दहा मिनिटं." अध्यक्ष मॅडमचं अक्षर छान आहे.

मग मूळ मुद्दा घाईने. मला सांगायचं होतं की यिनच्या कारकिर्दीकडे 'दोनदा हरली' अशा नजरेनं बघू नका, नियमांच्या नजरेनं बघा. त्यासाठी तीन गोष्टी आणल्या होत्या, कागदावर आहेत.

एक, वजनगट. जागतिक स्पर्धेत मुलींचे पाच गट असतात : ५०, ५५, ६१, ६८ आणि ६८ च्या वर. ऑलिंपिकमध्ये केले तीन : ५५, ६१ आणि ६१ च्या वर. म्हणजे खालचे दोन एकत्र, वरचे दोन एकत्र, मधला ६१ जसाच्या तसा. यिन इथे सुदैवी. पन्नास किलोच्या पोरींना पंचावन्नच्यांशी लढावं लागलं, तसं तिचं झालं नाही. चीनची दुसरी मुलगी, गोंग ली, ६१ च्या वरच्या गटात उतरली आणि तिने कांस्य आणलं. तिच्यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. टोकियोत चीनला कराटेत दोनच पदकं मिळाली, ही दोन.

दोन, तेच प्रतिस्पर्धी. एका गटात दहाच खेळाडू. दोन साखळ्या, मग उपांत्य, मग अंतिम. वर्षानुवर्षं हीच मंडळी कराटेच्या प्रीमियर लीगमध्ये एकमेकींशी लढत आलेली. प्रेकोविच कुठल्या पायावर भार देते हे यिनला पाठ, यिनचा उलट ठोसा कधी सुटतो हे प्रेकोविचला पाठ. त्यात सेन्शूमुळे पहिला गुण देणं म्हणजे जवळजवळ सामना देणं. मग पहिली कोण जाणार? आपल्या कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, तिथे थांबून चालत नाही. कराटेत निष्क्रियतेला ताकीद असते, पण तशी फास लावणारी तिसरी चढाई नाही. त्यामुळे तीन मिनिटं दोघी जगातल्या सर्वांत तयार मुलींपैकी असूनही, किंबहुना म्हणूनच, फलक हलला नाही. ज्यांना तो सामना रटाळ वाटला त्यांनी तो पाय बघत पुन्हा बघावा. हात बघू नका. पुढचा पाय इंचभर सरकतो आणि समोरचीचा मागचा पाय लगेच उत्तर देतो. सगळा सामना तिथे आहे.

आणि पंचांचा कौल प्रेकोविचकडे गेला. चूक होता का? मी पंच आहे, मी असं म्हणणार नाही. पण त्या कंडक्टरदादांचा प्रश्न तिथेही लागू आहे, आणि तोसुद्धा ऑलिंपिकच्या पातळीवर. जाता जाता : त्या ऑलिंपिकअखेर अमेरिकेची सुवर्णं ३९ आणि चीनची ३८. एक कमी! चीनमध्ये कुणी यिनकडे बोट दाखवलं असेल तर त्याला सांगा, त्यांना ३२ रौप्यं मिळाली होती, बोट बत्तीस ठिकाणी दाखवावं लागेल.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, यालाच वेळ उरला नाही. कराटे ऑलिंपिकमध्ये टोकियोलाच आलं आणि टोकियोलाच संपलं. २०२४ च्या पॅरिसला नव्हतं, तिथे ब्रेकडान्स होता. २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी छाननीत नऊ खेळ उरले होते, त्यात कराटे होतं. अंतिम मंजुरी पाच खेळांना मिळाली आणि ती कुठे मिळाली? आपल्या मुंबईत. ऑक्टोबर २०२३, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन, बीकेसीत. क्रिकेट आत आलं, स्क्वॉश आलं. आपण पेढे वाटले. कराटे बाहेर राहिलं, त्याचं आपल्या एकाही दोजोत, म्हणजे कराटेच्या सरावाच्या जागी, कुणी सुतक पाळलं नाही.

म्हणजे मुलींच्या ६१ किलो कुमितेचा आजवरचा ऑलिंपिक इतिहास चार नावांत संपतो : प्रेकोविच, यिन, आणि कांस्याच्या दोघी, इजिप्तची जियाना लोतफी आणि तुर्कस्तानची मेर्वे चोबान. आपल्याकडे पोरी सकाळी सहाला मैदानावर येतात त्या आशियाई आणि जागतिक स्पर्धेसाठी. त्यांना मी ऑलिंपिकचं सांगणं बंद केलंय. पालकांना मात्र ते अजून हवं असतं, आणि त्यासोबत दहावीचे क्रीडागुणही.

दुसरी चिठ्ठी. "चहा थंड होतोय." बरं, थांबतो. तो सामना माझ्याकडे उतरवून ठेवलेला आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी रविवारी दोजोत या, शेवटचे पंधरा सेकंद मी हळू गतीने दाखवीन. सतरंजीवर बसावं लागेल. आणि हो, बूट बाहेर काढून या.